विश्लेषण : मानेचे हाड खरेच ‘सरकते’ का? ‘कट्’ आवाजाच्या उपचारामागे शास्त्र किती आणि दावे किती?

मान अवघडली म्हणून मोबाइलवर ‘मानदुखी’ शोधले, की थोड्याच वेळात एक ठरावीक रील समोर येते. रुग्ण उताणा झोपलेला असतो. उपचार करणारा त्याचे डोके दोन्ही हातांत धरतो, हळूहळू एका बाजूला वळवतो, क्षणभर थांबतो आणि झटका देतो. ‘कट्’ असा आवाज माइक लावून मोठा ऐकवला जातो. रुग्ण हसतो, डोळे पुसतो. खाली ओळ असते : ‘सरकलेले हाड जागेवर बसले’. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत आता ‘कायरोप्रॅक्टिक’च्या पाट्या दिसतात आणि मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्यावर उपचार करून मायग्रेन, चक्कर, अगदी रक्तदाबही बरा करण्याचे दावे केले जातात. मानेचे हाड असे सरकते का? झटक्याने ते जागेवर येते का? आणि या झटक्यात धोका किती?

डोके आणि मान जिथे जोडले जातात तिथे नेमके काय असते?

मानेत सात मणके असतात. खालचे पाच साधारण एकमेकांसारखे, वरचे दोन मात्र वेगळे. पहिल्या मणक्याला ‘ॲटलास’ म्हणतात. आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक पुराणातील ॲटलासवरून हे नाव आले, कारण कवटी थेट या मणक्यावर टेकलेली असते. हा मणका म्हणजे हाडाची कडी आहे. इतर मणक्यांना समोर असतो तसा भरीव ठोकळा त्याला नसतो. दुसरा मणका ‘ॲक्सिस’. त्याच्यावर दातासारखा उभा सुळका असतो आणि तो ॲटलासच्या कडीत आतून बसलेला असतो.

जुन्या घरातले जाते आठवले, तर ही रचना लगेच लक्षात येते. खालच्या दगडात खुंटा रोवलेला असतो आणि वरचा दगड त्याभोवती फिरतो. आपण मान हलवून ‘नाही’ म्हणतो तेव्हा ॲटलास, आणि त्यावर बसलेले डोके, या सुळक्याभोवती असेच फिरते. मान डावीकडे-उजवीकडे जितकी वळते, त्यातले जवळपास निम्मे वळण या एकाच सांध्यात होते. ‘हो’ म्हणताना डोके पुढे-मागे झुलते, ते मुख्यतः त्याच्या वरच्या, म्हणजे कवटी आणि ॲटलास यांच्यामधल्या सांध्यात.

या दोन्ही सांध्यांत ‘गादी’ नसते. त्यामुळे ‘वरच्या मणक्याची गादी सरकली’ हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. इथली सगळी मजबुती अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर अवलंबून असते. सुळक्याच्या मागून जाणारा आडवा अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतो. बाजूचे दोन अस्थिबंध वळणाला मर्यादा घालतात. त्या आडव्या पट्ट्याच्या लगेच मागून मज्जारज्जू जातो. यंत्र बनवताना जिथे हालचाल जास्त ठेवावी लागते तिथे स्थिरता कमी होते, हा नेहमीचा अनुभव आहे. मानेच्या वरच्या टोकालाही तोच नियम लागू होतो.

डोक्याचा भार किती आणि मोबाइलमुळे तो वाढतो का?

प्रौढ माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ताठ बसल्यावर हा भार जवळपास सरळ मणक्यांवर येतो. मान खाली घातली, की गणित बदलते. शाळेत शिकलेली तरफ इथे कामाला येते. मानेचा तळ हा टेकू. समजा, मोबाइल पाहताना डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून १५ सेंटिमीटर पुढे गेला आणि मानेमागचे स्नायू टेकूपासून ५ सेंटिमीटरवर ओढ देत आहेत. पाच किलो गुणिले १५, भागिले ५. म्हणजे डोके पडू नये म्हणून स्नायूंना १५ किलोइतकी ओढ सतत द्यावी लागते. हा ढोबळ हिशेब आहे, पण मुद्दा स्पष्ट करायला पुरेसा आहे.

समाजमाध्यमांवर फिरणारा ‘मान ६० अंश वाकवली की २७ किलो भार’ हा आकडा अशाच गणितातून आला आहे. अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर केलेल्या प्रतिकृतीतून तो मांडला. कोणाच्या मानेत मोजमापक बसवून तो मोजलेला नाही.

या हिशेबात हाड कुठेही सरकत नाही. जास्तीचा भार स्नायू आणि अस्थिबंध घेतात. ते तासन् तास ताणलेले राहिले, की थकतात, आखडतात, दुखतात. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याची, शिवणकाम करणाऱ्याची किंवा परीक्षेच्या दिवसांत पुस्तकात मान घालून बसणाऱ्याची मानदुखी बहुतेक वेळा याच प्रकारची असते.

मग हाड सरकतच नाही का? एका शब्दाचे दोन अर्थ

सरकते. पण ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. वैद्यकशास्त्रात ‘सबलक्सेशन’ म्हणजे सांध्यातील हाडे आपल्या जागेवरून अंशतः निखळणे. वरच्या दोन मणक्यांबाबत ते क्ष-किरण चित्रात, सीटी स्कॅनमध्ये दिसते आणि मोजता येते. ॲटलासच्या कडीचा पुढचा भाग आणि सुळका यांच्यातील अंतर प्रौढांत सर्वसाधारणपणे तीन मिलिमीटरपर्यंत आणि लहान मुलांत पाच मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून जास्त अंतर म्हणजे अस्थिबंध सैल झाला किंवा तुटला, अशी शंका घेतली जाते.

संधिवाताचा आमवात हा प्रकार, अपघात, डाउन सिंड्रोम, जन्मजात दोष आणि आपल्याकडे मानेच्या वरच्या भागाचा क्षयरोग ही त्याची काही कारणे. लहान मुलांत घशाच्या संसर्गानंतरही क्वचित ॲटलास वळलेल्या स्थितीत अडकतो आणि मूल मान वाकडी करून बसते. यात मज्जारज्जूवर दाब येऊन हातपाय लुळे पडू शकतात. इथे झटका देणे म्हणजे आगीशी खेळ.

या आजाराच्या उपचारात मुंबईचे नाव जगात घेतले जाते. परळच्या केईएम रुग्णालयातील मेंदू शल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या बाजूच्या जाड भागांत स्क्रू बसवून, पट्टीने ते जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी तिचा सुधारित प्रकार मांडला. आज ही शस्त्रक्रिया ‘गोयल-हार्म्स’ नावाने ओळखली जाते. खरोखर सरकलेला मणका स्थिर करायचा तर इतके करावे लागते.

कायरोप्रॅक्टिकमधील ‘सबलक्सेशन’चा अर्थ मात्र निराळा आहे. मणका किंचित जागा सोडतो, त्यामुळे मज्जातंतूंच्या कामात अडथळा येतो आणि त्यातून आजार होतात, असा तो सिद्धांत. हा फरक बहुतेक क्ष-किरण तज्ज्ञांना चित्रात दिसत नाही. शब्द एकच असल्याने रुग्णाची गल्लत होते. ‘तुमचे हाड सरकले आहे’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येते, पण त्याचा अर्थ आणि गांभीर्य यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ही पद्धती आली कुठून?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये डॅनिएल डेव्हिड पामर यांनी तिची सुरुवात केली. ते चुंबकीय उपचार करत. त्याच इमारतीत साफसफाई करणारे हार्वी लिलार्ड यांना कमी ऐकू येत असे. पामर यांनी त्यांच्या पाठीतील एका मणक्याला धक्का दिला आणि त्यांना ऐकू येऊ लागले, अशी पामर यांची कथा आहे. अडचण अशी, की ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही. ती कानापासून कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते. तरीही यावरून पामर यांनी ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा सिद्धांत मांडला.

त्यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी १९३०च्या दशकात सगळा भर मानेच्या वरच्या टोकावर आणला. पहिला-दुसरा मणका सुधारला, की खालचे सगळे आपोआप ठीक होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच पुढे ‘अप्पर सर्व्हायकल’ पद्धती निघाल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या नावावरून ओळखली जाणारी ‘नुक्का’ ही त्यातली एक. यात रीलमधल्यासारखा झटका नसतो. ठरावीक कोनांतून क्ष-किरण चित्रे काढून ॲटलास किती अंश कलला आहे हे मोजतात आणि कानाखालच्या हाडावर हलका दाब देतात. पाय आखूड-लांब दिसतात का, हेही तपासले जाते.

अमेरिकेत या व्यवसायाला आज कायदेशीर परवाना आहे. लुइझियाना या शेवटच्या राज्याने तो १९७४ मध्ये दिला. मात्र परवाना मिळणे आणि मूळ सिद्धांत सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये स्पष्ट केले, की ‘सबलक्सेशन’ ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ती आजारांचे कारण असल्याच्या दाव्याला वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही.

‘कट्’ आवाज मग कशाचा?

हाड जागेवर बसल्याचा नाही. बोटे कडाकडा मोडताना येतो तोच हा आवाज. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम दूर ओढले गेले, की आतला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट ओढताना एमआरआयने ते टिपले. आवाज आला त्याच क्षणी सांध्यात पोकळी दिसली. तोच सांधा लगेच पुन्हा मोडत नाही, काही वेळ थांबावे लागते, याचेही कारण हेच.

म्हणजे निरोगी सांधाही ‘कट्’ वाजतो. आवाज मोठा आला म्हणून उपचार चांगला झाला, असा निष्कर्ष निघत नाही. रीलसाठी मात्र आवाज लागतो.

झटक्यानंतर हाडाची जागा बदलते का?

मानेला देतात तो झटका साधारण १०० न्यूटनच्या आसपासचा, म्हणजे दहा किलोच्या वजनाइतका असतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात सांधा हलतो, पण अस्थिबंध त्याला पुन्हा मूळ जागी खेचतात. रबरी पट्टा ताणून सोडावा, तसे. कंबरेच्या सांध्याबाबत स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये याची तपासणी केली. दहा रुग्णांच्या हाडांत सूक्ष्म गोळ्या बसवून उपचाराआधी आणि नंतर अचूक मोजणी केली. हाताने तपासणाऱ्यांना स्थिती सुधारल्याचे जाणवले, मोजणीत मात्र हाडांची जागा बदललेली नव्हती.

वरच्या मणक्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, तसेच मणक्यांचेही असते. शिवाय चित्र काढताना डोके दोन-तीन अंश कलले, तरी मापे बदलतात. जे माप डोके ठेवण्याच्या पद्धतीने बदलते, त्यावरून एखाद-दुसऱ्या अंशाचा ‘बिघाड’ ठरवणे आणि उपचारानंतर तो ‘दुरुस्त’ झाल्याचे दाखवणे कितपत विश्वासार्ह, हा प्रश्न उरतोच.

मग रुग्णांना बरे का वाटते?

कारण बरे वाटते हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अचानक ताण मिळाल्याने आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात, सांध्यातील संवेदना बदलतात, वेदना कमी जाणवते. कोणीतरी अर्धा तास लक्ष देऊन ऐकले, हात लावून तपासले, याचाही परिणाम होतो. आणि नुकतीच सुरू झालेली साधी मानदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपसूक कमी होते.

वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये मानदुखीवरील ५१ चाचण्या एकत्र तपासल्या. झटका देणे आणि झटका न देता सांधा हळुवार हलवणे यांचे परिणाम बऱ्याच अंशी सारखे आढळले. २०१२ मध्ये अमेरिकेत २७२ जणांवर झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. मणक्यावरील हस्तोपचार हे औषधांपेक्षा सरस ठरले. पण एक-एक तासाच्या दोन भेटींत शिकवलेले, घरी करायचे मानेचे साधे व्यायामही जवळपास तितकेच उपयोगी ठरले. हळुवार उपचार आणि फुकटचा व्यायाम जर तेवढाच गुण देत असेल, तर झटक्याचा धोका पत्करायचा कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हस्तोपचारांना काही अटींसह मान्यता दिली, हेही सांगितले जाते. ते खरे आहे, पण ती शिफारस जुनाट कंबरदुखीपुरती आहे, मानेसाठी नाही.

रक्तदाब आणि मायग्रेनच्या दाव्यांचे काय?

‘ॲटलास सुधारल्याने रक्तदाब उतरतो’ या दाव्यामागे २००७ मधील एक अभ्यास आहे. शिकागोत ५० रुग्णांवर नुक्का पद्धतीने उपचार झाले. आठ आठवड्यांनी उपचार घेतलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १७ अंकांनी, तर नुसताच देखावा केलेल्यांचा तीन अंकांनी उतरला. आकडा मोठा आहे, पण अभ्यास छोटा आणि प्राथमिक होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत, वरच्या मणक्यावरच पण वेगळ्या तंत्राने उपचार करूनही, रक्तदाबात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. मायग्रेनवरील २०१५ चा अभ्यास अवघ्या ११ जणांचा होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. डोकेदुखीचे दिवस कमी झाले, पण कवटीतील दाबाशी संबंधित जे मुख्य माप तपासायचे होते, त्यात ठोस बदल आढळला नाही.

एवढ्या पुराव्यावर रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे आहे. जाहिरातीत १७ अंकांचा आकडा दिसतो, त्यानंतरची चाचणी दिसत नाही.

धोका नेमका कुठे आहे?

मानेतील रक्तवाहिनीत. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात. ॲटलासपाशी त्या एकदम वळण घेऊन, त्याच्या मागच्या कमानीवरील खोबणीतून कवटीत शिरतात. जिथे मान सर्वाधिक वळते तिथेच धमनीलाही वळसा आहे. डोके जोरात वळवताना धमनीचा हाच भाग ताणला जातो.

धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली, तर रक्त थरांमध्ये घुसते, गुठळी तयार होते आणि ती मेंदूत गेली, की पक्षाघात होतो. तरुण आणि मध्यमवयीन माणसांना होणाऱ्या पक्षाघाताचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. लक्षणे लगेच दिसतीलच असे नाही. ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसतात. त्यामुळे रीलमधील हसरा चेहरा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

अमेरिकी मॉडेल केटी मे यांचा २०१६ मध्ये ३४व्या वर्षी पक्षाघाताने मृत्यू झाला. चित्रीकरणावेळी पडल्यानंतर मान दुखू लागली म्हणून त्यांनी कायरोप्रॅक्टिक उपचार घेतले होते. मानेवरील हस्तोपचारात धमनीला चीर गेल्याने हा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष लॉस एंजलिसच्या शवविच्छेदन अधिकाऱ्यांनी काढला.

हा धोका किती मोठा? तज्ज्ञांत मतभेद का?

मानेच्या धमन्यांना अशी चीर जाणे मुळात दुर्मीळ आहे. वर्षाला एक लाख लोकांमागे सुमारे तीन. त्यातील बऱ्याच घटना कोणत्याही झटक्याविना, किरकोळ दुखापतीने किंवा आपोआपही घडतात.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नऊ वर्षांतील अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ वर्षांखालील रुग्णांत कायरोप्रॅक्टरकडे जाणे आणि पक्षाघात यांचा संबंध दिसला, पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाणे आणि पक्षाघात यांचाही तसाच संबंध दिसला. संशोधकांचे म्हणणे असे, की धमनीला चीर आधीच गेलेली असते, त्यामुळेच मान आणि डोके दुखते आणि त्या दुखण्यासाठी रुग्ण उपचाराला जातो. कॅल्गरी विद्यापीठात मृतदेहांवर झालेल्या मोजणीतही झटक्यावेळी धमनीवर येणारा ताण नेहमीच्या तपासणीत मान पूर्ण वळवताना येणाऱ्या ताणापेक्षा कमी आढळला.

पण हा युक्तिवाद पूर्ण दिलासा देत नाही. निरोगी धमनी ताण सोसेल. आधीच चीर गेलेल्या धमनीला झटका बसला तर काय? मानदुखी हेच त्या चिरेचे पहिले लक्षण असेल, तर झटका देणाऱ्यापुढे नेमका हाच रुग्ण झोपलेला असू शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सावध भूमिका घेतली : कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण संबंध आढळतो. त्यामुळे मानेवर हस्तोपचार करण्यापूर्वी रुग्णाला हा धोका सांगितला पाहिजे. आपल्याकडे किती ठिकाणी तो सांगितला जातो, हे ज्याने-त्याने आठवून पाहावे.

सलूनमध्ये मान मोडून घेणे सुरक्षित आहे का?

आपल्याकडचा मोठा धोका इथे आहे. दाढी-कटिंगनंतर चंपी आणि चंपीनंतर मान दोन्ही बाजूंना ‘मोडून’ देणे, हे अनेकांच्या सवयीचे आहे. २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारीच्या ३० वर्षांच्या तरुणाला सलूनमध्ये अशी मान मोडून घेतल्यानंतर पक्षाघात झाल्याची बातमी देशभर गाजली. २०१७ मध्ये दिल्ली परिसरातील ५४ वर्षांच्या एका गृहस्थांना मान मोडून घेतल्यानंतर श्वास घेणे कठीण झाले होते. श्वासपटल हलवणारी नस मानेच्या मधल्या भागातून निघते, तिला इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. २०२२ मध्ये हैदराबादला पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टेकवून बसलेल्या ५० वर्षांच्या महिलेला पक्षाघाताची लक्षणे दिसली. त्यात झटकाही नव्हता, फक्त मान मागे वाकलेली होती.

सलून कारागिराची यात चूक काढण्यापेक्षा आपणच ‘मान राहू दे’ एवढे म्हटले, तरी विषय संपतो.

भारतात कायरोप्रॅक्टरवर नियंत्रण कोणाचे?

ॲलोपॅथीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे, आयुर्वेद-होमिओपॅथीसाठी स्वतंत्र आयोग आहेत. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात दहा गट नोंदवले आहेत. त्यात फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिकचा स्वतंत्र गट नाही. म्हणजे परदेशात चार वर्षे शिकून आलेला कायरोप्रॅक्टर आणि आठवड्याचा वर्ग करून टेबल मांडून बसलेला माणूस, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. फरक ओळखायचे काम रुग्णावर पडते. काही बिघडले, तर तक्रार करायला या व्यवसायाची परिषद नाही. पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाकडे जाणे किंवा पोलिसांत तक्रार करणे हेच मार्ग उरतात.

गावोगावचे हाडवैद्य याच कप्प्यात मोडतात. पायाची लचक आणि मानेची लचक यांत फरक आहे. पायात मज्जारज्जू नसतो.

मानेला झटका कोणी घेऊच नये?

आमवात, हाडांचा ठिसूळपणा, कर्करोग किंवा मणक्याचा क्षयरोग असलेले, नुकताच अपघात झालेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, अंगातील अस्थिबंध जन्मजात सैल असणारे आणि डाउन सिंड्रोम असलेली मुले. तसेच ‘आजवर असे कधी दुखले नव्हते’ अशी अचानक सुरू झालेली मान किंवा डोकेदुखी असेल, हातातून वस्तू पडत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवर नियंत्रण राहत नसेल, तर आधी अस्थिरोग किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडेच जावे.

इतरांनीही चार प्रश्न जरूर विचारावेत. तुमची नोंदणी कुठल्या परिषदेकडे आहे? माझ्या दुखण्याचे निदान काय? झटका न देता उपचार होऊ शकतो का? धोका काय आहे? यातील शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर तिथून उठलेले बरे.

लक्षणे दिसली तर काय करायचे?

मानेला झटका, चंपी किंवा दुखापत झाल्यानंतर काही तास वा दिवसांत गरगरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळताना ठसका लागणे, चेहरा किंवा अंगाची एक बाजू बधिर होणे, तोल जाणे, उलट्या, यांपैकी काहीही झाले, तर पित्त समजून झोपून राहू नये. १०८ वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मानेला काय झाले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अनेकदा ही माहिती विचारली जात नाही आणि सांगितलीही जात नाही.

आणि साध्या मानदुखीसाठी? स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणणे, अर्ध्या तासाने उठणे, हनुवटी मागे घेण्याचा व खांदे फिरवण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेणे आणि तो दिवसातून अनेकदा थोडा-थोडा करणे. यात ‘कट्’ आवाज येत नाही, त्यामुळे त्याची रील होत नाही. २०१२ च्या प्रयोगात मात्र त्याने जवळपास झटक्याइतकाच गुण दिला होता.